एचआरमध्ये चार वर्षे झाली; आता प्रमाणपत्र घ्यावे की ओळखी वाढवाव्यात?

तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षे एचआर विभागात आहात. कंपनी कोणत्याही संस्थेच्या सभासदत्वाचे पैसे देत नाही, तुमचे वरिष्ठ म्हणतात की असल्या सभांना जाणे म्हणजे कामाचा वेळ वाया घालवणे, आणि म्हणून तुम्ही विचारले आहे की एखादे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यावे की परिषदांना जाऊन ओळखी वाढवाव्यात. प्रमाणपत्राविषयी पुढे लिहिते. आधी तुमच्या वरिष्ठांच्या वाक्याविषयी लिहिणे मला भाग आहे, कारण तेच वाक्य मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सात वर्षे ऐकले आणि ते किती चुकीचे आहे, हे मला एका पगारवाढीच्या कराराने दाखवून दिले.

२००९ साली मी त्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते. वाहनांचे सुटे भाग बनत असत आणि कायम कामगार साडेपाचशेच्या आसपास होते. जुना करार मार्चअखेर संपला आणि युनियनने मागणीपत्र दिले, त्यात तीन वर्षांसाठी दरमहा आठ हजारांची वाढ मागितली होती. वाहन उद्योगावर तेव्हा मंदीचे सावट होते, त्यामुळे व्यवस्थापनाने अडीच हजारांपासून सुरुवात केली आणि तो आकडा कसा आला हे आम्हांलाही कोणी समजावून सांगितले नाही. पहिल्या दोन बैठका नेहमीप्रमाणे चहा आणि तक्रारी यांत गेल्या.

तिसऱ्या बैठकीला युनियनचे नेते एक कापडी पिशवी घेऊन आले. त्यांनी तिच्यातून एकेक करून अकरा करारांच्या झेरॉक्स प्रती काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील अकरा कारखान्यांचे ते करार होते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात वाढीचा आकडा पेनने लिहून त्याला गोल केलेला होता. ते एकेक आकडा वाचत गेले. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "मॅडम, तुमच्याकडे कोणते आहेत?" माझ्याकडे एकही नव्हता. माझ्या फाइलमध्ये अभियंत्यांच्या पगाराचे एक सर्वेक्षण होते, ज्याचा शॉप फ्लोअरशी काडीचाही संबंध नव्हता, आणि वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. आमच्या जनरल मॅनेजर साहेबांनी बैठक तहकूब केली.

त्या रात्री मला जे उमगले ते मी आजही प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगते. कामगार नेत्याला व्यावसायिक ओळखींचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. तो दर आठवड्याला चार गेटांवर उभा राहतो, कोणत्या कारखान्यात काय ठरले हे त्याला त्याच दिवशी कळते आणि कराराची प्रत त्याच्याकडे आठवड्यात येते. व्यवस्थापनाच्या बाजूने बसणारा माणूस मात्र स्वतःच्या केबिनबाहेर पडत नाही, कारण बाहेर पडणे म्हणजे कंपनीशी बेइमानी, असे त्याला शिकवलेले असते. वेतन ठरवताना त्याच प्रदेशातील त्याच प्रकारच्या उद्योगांशी तुलना करायची, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी कित्येक दशकांपूर्वी मान्य केले आहे. ज्याला शेजारच्या कारखान्यात काय चालले आहे ते ठाऊक नाही, त्याने वाटाघाटीला बसूच नये.

साहेबांचे मत याच्या अगदी उलट होते. राष्ट्रीय कार्मिक व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे एनआयपीएमच्या, सभासदत्वाचा अर्ज मी त्यांच्याकडे त्याआधी दोनदा पाठवला होता आणि दोन्ही वेळा तो सहीविना परत आला होता. त्यांचे म्हणणे असे की तेथे गेल्याने कंपनीच्या गोष्टी बाहेर जातात आणि काही दिवसांनी माणूसही बाहेर जातो. तिसऱ्या बैठकीनंतरच्या शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्वतःचे पैसे भरले आणि संस्थेच्या शहरातल्या मासिक व्याख्यानाला गेले. व्याख्यान कशावर होते ते आठवत नाही आणि ते महत्त्वाचेही नाही. चहाच्या वेळी एका निवृत्त पर्सोनेल मॅनेजरांशी बोलणे झाले. मी कंपनीचे नाव न सांगता अडचण सांगितली. ते म्हणाले, "उद्या रविवार आहे. नऊ वाजता घरी या, करार घेऊन या."

करार आणायचे कोठून? मी नेत्यांनाच फोन केला आणि विचारले, "भाऊ, त्या प्रती मिळतील का?" ते म्हणाले, "झेरॉक्स करून घ्या मॅडम, त्यात लपवण्यासारखे काय आहे?" खरोखरच काही नव्हते, कारण अशा समझोत्याची प्रत कामगार कार्यालयाकडे पाठवावीच लागते. त्यांच्या त्या मोठेपणाबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरील त्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सरांनी लाल-निळी पेन्सिल घेतली आणि मला करार वाचायला शिकवले. एमपीएम, म्हणजे कार्मिक व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दोन वर्षांत मला हे कोणी शिकवले नव्हते. ते म्हणाले, "गोल केलेला आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी कंपनीला काय मिळाले ते कलम शोधा." मग त्यांनी प्रत्येक करारात चार गोष्टींखाली रेघ मारली. वाढ मूळ वेतनात टाकली की भत्त्यांत, कारण मूळ वेतनात टाकलेल्या प्रत्येक रुपयावर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा भार चढतो. तीन वर्षांत ती कशी वाटली, सगळी पहिल्याच वर्षी की टप्प्याटप्प्याने. कराराची मुदत किती. आणि वाढीच्या बदल्यात उत्पादनाचा निकष किती वाढवला. साडेबारापर्यंत आम्ही अकरा करार संपवले. सर्वांत मोठे आकडे असलेल्या चार करारांत कामगारांनी उत्पादन अठरा ते वीस टक्क्यांनी वाढवून देण्याचे मान्य केले होते, आणि दोन करार चार वर्षांचे होते. नेत्यांनी वाचून दाखवलेले आकडे खरे होते. आकड्यांच्या मागची पाने मात्र वाचून दाखवलेली नव्हती, आणि ती वाचून दाखवणे हे त्यांचे काम नव्हतेच, ते माझे होते.

पुढच्या बैठकीत मी एकाच मोठ्या कागदावर अकरा कारखान्यांचा तक्ता मांडला. पहिल्यांदाच चर्चा घोषणांवरून कलमांवर आली. नेत्यांनी दोन ठिकाणी माझी चूक दाखवली आणि ती मी तेथेच दुरुस्त केली. त्यानंतरच्या चार बैठकांत करार झाला: चार हजार तीनशेची वाढ, निम्मी पहिल्या वर्षी आणि उरलेली पुढील दोन वर्षांत, उत्पादन चौदा टक्क्यांनी जास्त, आणि कँटीनचे दर होते तेवढेच. एकही दिवस काम बंद पडले नाही. सह्या झाल्या तेव्हा सायंकाळचे सात वाजले होते. साहेबांनी मुख्य कार्यालयाला पाठवलेल्या टिपणात तक्त्याचा उल्लेख केला. सभासदत्वाच्या अर्जावर मात्र त्यांनी अखेरपर्यंत सही केली नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. एनआयपीएम १९८० साली दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. त्यांपैकी एक कलकत्त्यात आणि दुसरी मुंबईत सुरू झाली होती. त्यामुळे कारखान्यातील औद्योगिक संबंध, कायदा आणि शिस्तभंगाच्या चौकशा यांत मुरलेली माणसे तेथे भेटतात. नॅशनल एचआरडी नेटवर्क १९८५ सालचे आहे. १९७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोत प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी जी मनुष्यबळ विकासाची मांडणी केली, तिच्या परंपरेतले ते आहे. कामगिरीचे मूल्यमापन, नेतृत्वविकास, संस्थेची संस्कृती या विषयांकडे तुमचा ओढा असेल तर तेथे जा. प्रशिक्षण हेच तुमचे क्षेत्र असेल तर १९७० पासूनची इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट आहे आणि तिची प्रशिक्षणातील पदविका उपयोगी आहे. तुम्ही चाकणला आहात, तर माझ्या मते पहिली संस्था तुमच्यासाठी.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अमेरिकेच्या एसएचआरएम या एचआर व्यावसायिकांच्या संस्थेचे प्रमाणपत्र घेतले की ते टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत पुढील शिक्षणाचे साठ गुण जमवावे लागतात किंवा पुन्हा परीक्षा द्यावी लागते. शिस्त म्हणून ही पद्धत चांगली आहे, माणूस शिकत राहतो. परंतु त्या अभ्यासात आपल्या कामगार कायद्यांची तयारी होत नाही, आणि चाकणमध्ये सोमवारी सकाळी तुमच्यासमोर जो प्रश्न येतो तो कायद्याचाच असतो. त्या पैशांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कामगार कायदे व कामगार कल्याण ही पदविका करा. नोकरी सांभाळून ती करणारे माझ्या ओळखीचे कितीतरी आहेत, आणि वर्गातल्या शेजाऱ्यांची ओळख पुढे वीस वर्षे टिकते.

हे आत्ताच करण्याचे कारणही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि एकोणतीस केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा कारखाने कायद्यात पाचशे कामगारांची होती, ती आता अडीचशेवर आली आहे. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. सरांनी २००९ साली मला मूळ वेतन आणि भत्ता यांतला जो फरक शिकवला, तो या एका व्याख्येने पार बदलून टाकला आहे. शेजारच्या कारखान्याने आपली वेतनरचना कशी बदलली, पगारपत्रकावर ती कामगारांना कशी समजावली आणि हातात येणारी रक्कम घटली म्हणून कोण अडले, हे तुम्हांला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते चहाच्या वेळीच मिळेल.

मोठ्या वार्षिक परिषदांना वर्षातून एकदा गेलात तरी पुरे. पंचतारांकित हॉटेलातील दोनशे व्हिजिटिंग कार्डांपेक्षा मासिक सभेतली पंधरा माणसे मला अधिक मोलाची वाटतात. मात्र या सभा सायंकाळी उशिरा ठेवल्या जातात, आणि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत अशा स्त्रिया त्यामुळे मागे राहतात, हे मी आयोजकांना अनेकदा सांगितले आहे. मी स्वतः दोन वर्षे मुलीला बरोबर घेऊन जात असे. मागच्या खुर्चीत बसून ती गृहपाठ करी.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. शेजारच्या कंपनीतील मैत्रीचा अर्थ असा नव्हे की सगळे एचआरवाले मिळून "यापेक्षा जास्त वाढ कोणीच द्यायची नाही" असे ठरवतील. तसे झालेले मी पाहिले आहे, ते गैर आहे आणि त्यात कामगाराचे नुकसान आहे. झालेले करार वाचा, चालू वाटाघाटीतले आकडे कोणाला सांगू नका, आणि व्यक्तींची नावे व पगार तर कधीच नाही. कंपनीच्या गोष्टी बाहेर जातात, ही आमच्या साहेबांची एक भीती रास्त होती, हेही मान्य करते. ओळखींमुळे माणूस नोकरी बदलतो, ही दुसरी भीतीही काही वेळा खरी ठरते. मी स्वतः २०१३ साली ती कंपनी सोडली. पण नवी नोकरी मला वर्तमानपत्रातील जाहिरातीतून मिळाली होती, कोणत्याही सभेतून नव्हे, आणि हे मी तेव्हाच्या साहेबांना निरोपाच्या दिवशी सांगितलेही होते.

तेव्हा अर्ज वरिष्ठांकडे लेखी द्या. सोबत गेल्या वर्षी बाहेरची माहिती नसल्यामुळे तुमच्या विभागाचे कोठे अडले, हे एका पानात लिहा. महिनाभर वाट पाहा. सही झाली नाही तर पैसे स्वतःचे भरा, शनिवारी जा, आणि जाताना स्वतः सोडवलेली एखादी अडचण सांगण्यासाठी तयार ठेवा. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही असते, त्याच्याजवळ चहाचा कप घेऊन लोक आपणहून येऊन उभे राहतात.