बायकोला बायपोलर आहे, 9 वर्षांचा मुलगा वयाच्या मानाने फारच समजूतदार झालाय. हे चांगलंच आहे ना? आणि मोठेपणी त्यालाही होईल का?

माझी आई बायपोलर (मूड कधी टोकाचा चढतो, कधी पार खाली जातो, तो आजार), मी 8 वर्षांची असताना पहिल्यांदा ऍडमिट झाली, त्यामुळे त्या मुलाच्या जागेवरून सांगते.

तुम्ही लिहिलंय की तो आईचा चेहरा बघून टीव्हीचा आवाज कमी करतो, गोळ्यांची आठवण करतो, स्वतःचा डबा स्वतः भरतो आणि सगळे नातेवाईक कौतुक करतात. दादा, हे कौतुक माझ्याही वाट्याला भरपूर आलंय. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मी दारातच कान द्यायचे, आई भांडी हळू ठेवतेय की आपटतेय, गुणगुणतेय की घर गप्प आहे. गप्प म्हणजे ती अंथरुणात, आणि मोठमोठ्याने गाणं म्हणजे त्याहून वाईट, कारण मग रात्री दोनला पुरण शिजायला लागायचं आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या पगारातून पाच साड्या यायच्या. लोक म्हणायचे पोरीला किती कळतं. कळत वगैरे काही नव्हतं हो, मी पहारा देत होते.

म्हणजे माया नव्हती असं नाही, पण आईला काय होतंय हे कळणं वेगळं आणि आपली आजची संध्याकाळ कशी जाणार हे तिच्या चेहऱ्यावर शोधणं वेगळं. ती सवय अजून गेली नाही, साहेब नुसते "हं" म्हणाले तरी पोटात गोळा येतो, आणि हॉटेलात मला काय खायचंय हे बाकीच्यांनी ऑर्डर दिल्याशिवाय सुचत नाही.

आमच्याकडे "आईला बरं नाहीये" एवढंच सांगायचे, आजीच्या मते बाहेरचं होतं, अंगारेधुपारे झाले. ती ऍडमिट झाली त्याच्या आदल्या दिवशी मी दुरेघी वहीवरून तिच्याशी भांडले होते, तर दहावीपर्यंत मला वाटायचं ते माझ्यामुळेच झालं. म्हणून त्याला आजाराचं नाव सांगा. तुझ्यामुळे झालेला नाही हे सांगाच, पण तू शहाण्यासारखा वागलास म्हणून आजार बरा होणारही नाही, ते डॉक्टरांचं काम, हेही सांगा. मला हे दुसरं वाक्य कोणीच सांगितलं नाही.

गोळ्यांची ड्युटी आजच त्याच्याकडून काढून घ्या. लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) चालू असेल तर वेळच्या वेळी रक्त तपासणं, उन्हाळ्यात तिच्या अंगात पाणी कमी पडतंय का बघणं, ही मोठ्या माणसाची कामं आहेत. सपोर्ट ग्रुपमध्ये पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, शब्द छानच आहेत, पण 9 वर्षांचा शुभंकर नसतो हो. रात्री घरात बिघडलं तर त्याने कोणाला फोन करायचा, कोणत्या मावशीकडे झोपायला जायचं, हे आई बरी असताना तिच्यासमोरच ठरवून टाका.

नॉर्वेत 2010 पासून कायदाच आहे, पेशंटला लहान मुलं असतील तर त्यांना काय माहिती आणि मदत हवी हे दवाखान्याने बघायचं. आमच्या डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, मी बाजूला स्टुलावर बसलेले, माझ्याबद्दल अक्षर नाही. त्यामुळे पुढच्या व्हिजिटला तुम्हीच विषय काढा. नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

त्याला होईल का? एका पालकाला असेल तर शंभरात साधारण दहाच्या आसपास मुलांना होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही. मला नाही झाला.

आणि एक, तो कधीतरी बॅट फेकेल, आईवर ओरडेल, मला नाही आवडत हे घर म्हणेल. रागवायचं असेल तर रागवा, पण तेव्हा "तू तर शहाणा ना" एवढं मात्र म्हणू नका.