आत एक्सपी, बाहेर अपडेट

जुनी सॉफ्टवेअरं नव्या कॉम्प्युटरवर कशी चालवायची, यावर मागे याच पानावर लिहिलं होतं. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांचा रोख बहुतेक एकच असतो: व्हर्च्युअल मशीनचं (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं) अपडेट करायचं की तसंच राहू द्यायचं? रामबागेतल्या छापखान्याचं पत्र सगळ्यांत खोलात गेलेलं आहे, म्हणून आधी ते घेते. बाकीच्यांना थोडक्यात उत्तर देते, राग मानू नये.

ताई, नमस्कार. आमचा रामबागेत वडिलांपासूनचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळीच्या आधी एखादा अंक. मराठीचं जुनं काम सगळं पेजमेकर 7 मध्ये, युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहे, आणि त्या फाँटाच्या पॅकेजला यूएसबीचं लॉक (नक्कल चालू नये म्हणून दिलेली छोटी किल्ली) लावावं लागतं. जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा भाच्याने विंडोज 11 वर ओरॅकल कंपनीचा व्हर्च्युअलबॉक्स 6.1 (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला आणि त्यात जुनं विंडोज एक्सपी बसवून दिलं. झकास चालतं. आता दर वेळी नवी आवृत्ती आल्याची सूचना येते. भाचा म्हणतो, करून टाका. आमचा डीटीपी ऑपरेटर म्हणतो, आतल्या एक्सपीलाच कंपनी विचारत नाही, मग बाहेरचं अपडेट करून काय मिळणार? उद्या लॉक चालेनासं झालं तर धंदा बसेल. कोणाचं ऐकू?

भाच्याचं ऐका, काका. ऑपरेटरची लॉकबद्दलची भीती मात्र खोटी नाही, तिच्याकडे येतेच.

आधी त्याचं गणित. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ 8 एप्रिल 2014 ला सोडली, हे खरं. पण त्यावरून तो जे अनुमान काढतो ते नेमकं उलटं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सापडणारी भोकं बहुतेक अशी असतात की त्यांच्यातून इंटरनेटवरून थेट कोणी आत येऊ शकत नाही. आधी आतल्या मशीनमध्ये शिरावं लागतं, बहुतेकदा तिथे ॲडमिन व्हावं लागतं, आणि मग व्हर्च्युअलबॉक्सची चूक वापरून बाहेरच्या विंडोजवर येता येतं. आत आजचं, नीट अपडेट केलेलं विंडोज असेल तर पहिल्याच पायरीला घाम फुटतो. एक्सपीत ती पायरी जवळजवळ फुकट आहे. मग चोराच्या आणि तुमच्या बिलांच्या, बँकेच्या, गिऱ्हाइकांच्या फाइलींच्या मध्ये उरतो तो एकटा व्हर्च्युअलबॉक्स. विहीर पडीक झाली म्हणून कोणी कठड्याची डागडुजी थांबवत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. मे 2015 मध्ये ‘व्हेनम’ नावाचं एक भोक उघड झालं. व्हर्च्युअल मशीनमध्ये खोटी फ्लॉपी ड्राइव्ह दाखवणारा जो कोड क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्याच दुसऱ्या प्रकल्पात होता, त्यात ते 2004 पासून पडून होतं. तोच कोड झेन, केव्हीएम या तशाच सॉफ्टवेअरांकडे आणि व्हर्च्युअलबॉक्सकडेही गेलेला, त्यामुळे सगळ्यांनाच दुरुस्ती काढावी लागली. फ्लॉपी आता कोण वापरतं, असं तुम्ही म्हणाल. पण झेन आणि क्यूईएमयूमध्ये सेटिंगमधून फ्लॉपी काढून टाकली तरी दुसऱ्या एका चुकीमुळे तो कोड जागाच राहत होता. ‘आम्ही ते वापरतच नाही’ असं म्हणून तिथे सुटका नव्हती, दुरुस्ती बसवणं हाच उपाय होता. पुढे नोव्हेंबर 2018 मध्ये एका संशोधकाने व्हर्च्युअलबॉक्सच्या इंटेल नेटवर्क कार्डातली चूक कंपनीला आधी न कळवता सगळ्या जगासमोर मांडली, वापरायची कशी यासकट. 5.2.20 पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या. ओरॅकलने लगोलग 5.2.22 काढली. त्या मधल्या दिवसांत ज्यांनी आपली मशीन्स नेटवरून तोडून ठेवली, त्यांना शहाणं म्हणायचं.

तुमच्या 6.1 ची गोष्ट आणखी सरळ आहे. त्या मालिकेची साथ जानेवारी 2024 मध्ये संपली. म्हणजे आता बाहेरचा कठडाही बेवारस. तेव्हा 6.1 मधलीच पुढची आवृत्ती शोधत बसू नका, 7 च्या मालिकेतली सध्या चालू असलेली घ्या, आणि ती ओरॅकलच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. गूगलमध्ये वर जाहिरात दिसते म्हणून कुठूनही उतरवू नका.

आता लॉक. तुमच्या भाच्याने बहुधा यूएसबीसाठी एक्स्टेंशन पॅकही (व्हर्च्युअलबॉक्सला वेगळी जोडायची पुरवणी) चढवलेला असेल. 6.1 पर्यंत यूएसबी 2 आणि 3 चे कंट्रोलर (जोडणी सांभाळणारे भाग) त्या पॅकमध्ये होते. 7.0 पासून ते मूळ पॅकेजातच आले आहेत, त्यामुळे लॉकपुरता तुम्हाला पॅक लागणारच नाही. काढून टाका. ते दुसऱ्याही कारणाने बरं: मूळ व्हर्च्युअलबॉक्स धंद्यासाठीही मोफत आहे, पण एक्स्टेंशन पॅकचा मोफत परवाना घरगुती वापर, शिक्षण आणि चाचणीपुरता आहे. छापखाना म्हणजे धंदा, त्याला पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. हे फारसं कोणी सांगत नाही. आणि पॅक ठेवलाच, तर त्याची आवृत्ती व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे. ‘अपडेट केलं आणि लॉक गेलं’ अशी ओरड येते तेव्हा बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. लॉकला वेग लागत नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी 1.1 चा कंट्रोलर ठेवा, पुरतो. यूएसबी 3 चा तर एक्सपीकडे स्वतःचा ड्रायव्हरच नाही.

प्रत्यक्ष करताना घाई करू नका. आतलं एक्सपी स्टार्ट मेनूतून व्यवस्थित बंद करा. खिडकी मिटताना ‘स्थिती साठवून ठेवा’ हा पर्याय निवडायची सवय असेल तर या वेळी नको, कारण जुन्या आवृत्तीत साठवलेली स्थिती नव्या आवृत्तीत उघडेल याची खात्री नसते. मग मशीनचं सबंध फोल्डर, म्हणजे व्हीडीआयची (आतल्या मशीनच्या डिस्कची) मोठी फाइल आणि तिच्या शेजारची सेटिंगची छोटी फाइल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची टिपून ठेवलेली अवस्था) घेतलाय म्हणून हे टाळू नका. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, मूळ फाइलीच्या आधाराने उभा असतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. आणि नव्या आवृत्तीने सेटिंगच्या फाइलीला हात लावला की जुन्या आवृत्तीला ती वाचता येईलच असं नाही, म्हणून परतीची वाट हवी असेल तर ही कॉपीच कामाला येते. अपडेट झाल्यावर एक्सपी सुरू करून आत गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठीचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) नव्याने चढवा. त्या राहून गेल्या की माउस खिडकीत अडकतो, स्क्रीन आक्रसते, शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही, आणि सगळा दोष अपडेटच्या माथी जातो. हार्डवेअरचे बाकीचे पर्याय हौसेने बदलू नका, एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागत बसेल.

मग एखादी जुनी पत्रिका उघडून पीडीएफ काढून बघा. जोडाक्षरं, रफार, ओळींची तोड जागेवर असली की ऑपरेटरला बोलवा.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. एक्सपीला इंटरनेट कशाला हवं? सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर केबल जोडलेली असल्याची खूण असते, ती काढा. आणि शेअर केलेलं फोल्डर म्हणून अख्खा डी ड्राइव्ह दिलेला असेल (भाच्यांना ही खोड असते) तर तो काढून फक्त ये-जा करायच्या फाइलींचं एक रिकामं फोल्डर द्या. आत एखादा खंडणीखोर व्हायरस आला आणि अख्खा डी ड्राइव्ह त्याच्या हाताशी असला, तर त्याला व्हर्च्युअलबॉक्समधलं भोक शोधायची गरजच काय?

कधी करायचं? ओरॅकलच्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे बुधवार उजाडलेला असतो. ऑक्टोबरचा हप्ता नेमका दिवाळी अंकांच्या गर्दीत सापडतो. केबल काढलेली असेल, फोल्डर आवळलेलं असेल, तर अंक बांधणीला जाईपर्यंत थांबलात तरी मी काही बोलणार नाही. अधूनमधून नुसत्या चुका दुरुस्त करणाऱ्या आवृत्त्याही येतात. त्यांत तुम्हाला छळणारी चूक असेल तर घ्या, नाहीतर पुढच्या हप्त्याबरोबर. 6.1 वरून वर जायला मात्र दिवाळीची वाट बघू नका.

विंडोजचं अपडेट झालं आणि व्हर्च्युअलबॉक्समधलं उबंटू लिनक्स रांगायला लागलं. खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसतंय. व्हायरस आहे का? (विद्यार्थी, भंवरकुआँ)

व्हायरस नाही रे. व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांनीच ते कासव ठेवलंय, थट्टेने. अर्थ असा की प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने आधीच ताब्यात घेतली आहे आणि तुझ्या मशीनला त्याच्या मागे रांगेत उभं राहावं लागतंय. तू डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) किंवा डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं असशील, नाहीतर विंडोजने कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी चालू केली असेल. डब्ल्यूएसएल लागत नसेल तर विंडोज फीचर्समधून काढ. मेमरी इंटिग्रिटी मात्र केवळ वेगासाठी बंद करू नकोस, ती खुद्द विंडोजच्या गाभ्याचं रक्षण करते. प्रॅक्टिकलपुरतं उबंटू हवं असेल तर डब्ल्यूएसएलमध्येच चालव ना.

सियागंजात आमची पेढी आहे. हिशेबाचा सर्व्हर व्हीएमवेअर ईएसएक्सआय 6.7 वर (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो. बसवणारा म्हणतो, वर्षानुवर्षं अपडेट केलेलं नाही, काही झालं का? चालत्या गाडीला खीळ घालू नका.

काही झालं नाही, हा नशिबाचा दाखला झाला, कामाचा नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने अनेक देशांतले असे सर्व्हर धरले. त्याच्या संदर्भात जे भोक पुढे आलं, त्याची दुरुस्ती व्हीएमवेअरने फेब्रुवारी 2021 मध्येच दिलेली होती. एका मशीनवर हल्ला झाला की त्यावरचे सगळे व्हर्च्युअल सर्व्हर एका फटक्यात जातात, हिशेब, बिलं, सगळंच. 6.7 ची नेहमीची साथ 15 ऑक्टोबर 2022 ला संपली, 7.0 चीही 2 ऑक्टोबर 2025 ला. म्हणजे तुमच्यासाठी आता प्रश्न अपडेटचा नाही, सरळ 8 वर जाण्याचा आहे, आणि जुना सर्व्हर 8 ला चालतो का ते आधी तपासायला हवं. व्हीएमवेअर नोव्हेंबर 2023 पासून ब्रॉडकॉम कंपनीकडे आहे. सपोर्टचा करार तुमच्या नावावर चालू आहे का, हे त्या माणसाला लेखी विचारा. आणि तोवर एक आजच विचारा: सर्व्हरचं व्यवस्थापनाचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतं का? उघडत असेल तर आजच बंद करायला सांगा. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवलेला असेल तर तो बॅकअप म्हणून मोजू नका.

मी निवृत्त शिक्षिका. मुलाने लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन करून दिलंय, बँकेचं काम त्यातच करते. सुरक्षित आहे ना? (लोकमान्य नगर)

काकू, संरक्षण आहे, पण दुसऱ्या दिशेने. आतलं बिघडलं तर बाहेरचा लॅपटॉप वाचावा, यासाठी ही व्यवस्था असते. बाहेरच्या लॅपटॉपवरच तुमची बटणं टिपणारा प्रोग्रॅम बसला असेल, तर आत टाइप केलेला पासवर्डही त्याला दिसतो, आतल्या स्क्रीनचा फोटोही घेता येतो. बँकेचं काम बाहेरच्या, रोज अपडेट होणाऱ्या विंडोजवर करा, आणि नातवंडांचे गेम, कुठून कुठून आलेल्या फाइली हे सगळं त्या मशीनमध्ये ढकला. दोन्हीकडचा क्लिपबोर्ड जोडलेला असेल तर तोही तोडायला सांगा मुलाला, नाहीतर बाहेर कॉपी केलेला खाते क्रमांक आत बसलेल्याच्या हाती लागायचा.