गोडाऊनमध्ये माणसं वाढवू का?

प्रश्न: नमस्कार सर, नाशिकला आडगावकडे माझं द्राक्षाच्या औषधांचं नि खतांचं होलसेल गोडाऊन आहे, निफाड, दिंडोरी, चांदवडच्या दुकानांना माल जातो. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की चार पोरं दिवसभर पळतात तरी टेम्पो दुपारशिवाय निघत नाही, वर अर्ध्या लिटरऐवजी एक लिटरची बाटली आली म्हणून फोन. अजून दोन माणसं घेऊ की सॉफ्टवेअर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही नको, थांबा जरा. एका पोराच्या खिशात मोबाईल ठेवून दिवसभराची पावलं मोजा. एका आयटमला जाऊन-येऊन 40 मीटर धरलं आणि 150 आयटम काढले तरी 6 किलोमीटर होतात, पोरगं कामचुकार नाहीये हो, त्याचा दिवस चालण्यातच जातोय.

तुमचे रॅक कंपनीवार लावलेले असणार, बहुतेकांचे असतात, सेल्समन आला की बघायला बरं वाटतं तेवढंच. खपावर लावा. छाटणीनंतर डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची, औषधं जोरात असतात ना, मग तेवढे दिवस ती पॅकिंग टेबलाजवळ, कंबर ते खांदा एवढ्या उंचीत, वाकणं नको न् शिडी नको. थंडी पडून हवा कोरडी झाली की भुरीच्या, म्हणजे पांढऱ्या बुरशीच्या रोगाच्या, औषधांचा माल पुढे, आणि एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे द्राक्षं काढून झाल्यावरच्या छाटणीला, परत हलवाहलव. पोरं कुरकुरतील, एक रविवार जाईल, जाऊ द्या.

मग प्रत्येक कप्प्याला नंबर द्या आणि माल काढायची यादी बिलाच्या क्रमाने नाही, कप्प्यांच्या क्रमाने छापा, म्हणजे एकाच फेरीत सगळं, मागे फिरणं नाही. एका रूटच्या सहा दुकानांच्या बाटल्या एकदमच काढा, ट्रॉलीवर सहा क्रेट, क्रेटला दुकानाचं नाव. खताच्या गोण्या टेबलावर आणूच नका, थेट टेम्पोत, शेवटच्या दुकानाचा माल आधी आत.

अर्धा आणि एक लिटर शेजारी ठेवलंत तर चूक होणारच, मधे दुसरं काहीतरी घाला, आणि ज्याने काढलं त्यानेच तपासायचं नाही. तणनाशक मात्र पार वेगळ्या कोपऱ्यात, ते बुरशीनाशकाच्या जागी गेलं तर फोनवर भागत नाही, शेतकऱ्याची बाग जाते. एक्सपायरी जवळची बाटली पुढे.

सॉफ्टवेअर नि स्कॅनर पुढच्या सीझनला बघू, कप्प्याला पत्ताच नसेल तर स्कॅनर तरी काय शोधणार.