पाळणाघराच्या फॉर्मवर सही केली, म्हणून हक्क गेला का?

प्रश्न : आम्ही विक्रोळीत कन्नमवार नगरला राहतो, दोघंही नोकरीला. अडीच वर्षांचा मुलगा शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघरात असतो. गेल्या आठवड्यात दुपारी मुलं झोपलेली असताना तिथे पेस्ट कंट्रोल केलं. संध्याकाळी त्याला उलट्या आणि खोकला सुरू झाला, रात्री हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. बाई म्हणतात, ‘तब्येतीची जबाबदारी आमची नाही, असं फॉर्मवर लिहिलंय आणि तुमची सही आहे.’ आता काहीच करता येणार नाही का?

उत्तर : ताई, करता येतं. त्या सहीला घाबरू नका. मूल खेळताना पडलं, एकाची सर्दी दुसऱ्याला लागली, एवढ्यापुरती ती ओळ मी समजू शकते. झोपलेल्या मुलांच्या खोलीत कीटकनाशक मारणं हा निष्काळजीपणा आहे आणि तो सही घेऊन माफ होत नाही. मोठ्यांच्या मानाने लहान मूल वजनाच्या हिशेबात जास्त हवा आत घेतं, फरशीवर लोळतं, तीच बोटं तोंडात घालतं. मुलं सांभाळणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं.

पैसे घेऊन सांभाळ करणं ही सेवा आहे, म्हणून २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार होते. मुदत २ वर्षांची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते. समोरून बहुधा ‘आम्ही प्लेग्रुप चालवतो, शिक्षण ही सेवा नाही’ असा बचाव येईल, कारण शिक्षणसंस्थांबाबत तो वाद आहेच. त्यासाठी फीच्या पावत्या आणि वेळापत्रक जपा. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ मूल ठेवणं म्हणजे सांभाळच.

पण खटल्याआधी पुरावा. तो आठवडाभरात विरून जातो. केसपेपरवर ‘फवारणीनंतर त्रास’ असं नोंदलंय का बघा. नसेल तर डॉक्टरांना भेटून नोंद मागा. मग पाळणाघराला लेखी विचारा : कोणतं औषध मारलं, कोणी मारलं, खोली किती वेळाने उघडली? बाटलीच्या लेबलचा फोटो मागा. त्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो फोटो डॉक्टरांनाही दाखवा. व्यवसाय म्हणून पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो, त्याची प्रतही मागा. पालकांच्या ग्रुपवरचे त्या दिवसाचे मेसेज पुसू नका. आणखी कुणाचं मूल आजारी पडलं असेल, तर तुमची बाजू फार भक्कम होते.

पोलिसांत जायचं असेल, तर विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८६ आहे. माझा सल्ला, आधी नोटीस द्या : फवारणी फक्त सुट्टीच्या दिवशी, पालकांना आदल्या दिवशी कळवून, खोली धुऊन वारा खेळल्यावरच मुलं आत. उपचाराचा खर्चही त्यातच मागा. हे लेखी कबूल होईपर्यंत, रजा टाकावी लागली तरी, मुलाला तिथे पाठवू नका.