आई-बाबांना कॉलेज हॉकीला नेताय? आधी सीट बघा

मुलगी मिशिगन किंवा मिनेसोटात शिकतेय, हिवाळ्यात भारतातून आई-बाबा आलेत आणि शुक्रवारी रात्री विद्यापीठाचा हॉकी सामना आहे, म्हणजे बर्फावरची आइस हॉकी. सगळ्यांनी जावं का? सहा वर्षांच्या पोराला न्यावं का? जरूर न्या. फक्त एक लक्षात ठेवा: तिथला त्रास किंवा आनंद बहुतेक वेळा तिकीट काढतानाच ठरून जातो. ‘मिळेल तिथे बसू’ हा आपला स्वभाव इथे महागात पडतो.

पहिली गोष्ट म्हणजे रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या बंदिस्त इमारतीचा, आकार. अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमची सवय असलेल्यांना कॉलेज हॉकीची रिंक अगदीच छोटी वाटते. कॉर्नेल विद्यापीठाच्या लायना रिंकची क्षमता ४,२६७. मिशिगनचं योस्ट ही १९२३ची इमारत, १९७३ पासून तिथे बर्फ आहे आणि जेमतेम ५,८०० माणसं मावतात. अ‍ॅरिझोना स्टेटच्या मलेट अरीनात ५,०००. दुसऱ्या टोकाला नॉर्थ डकोटाचं राल्फ एंगलस्टॅड अरीना, तिथे अकरा हजारांच्या वर. छोट्या, जुन्या रिंकमध्ये बाकं असतात, जिने चढे असतात, बाहेरचा बोळ अरुंद असतो आणि आवाज छतावर आपटून परत येतो. गुडघेदुखी असलेल्या बाबांसाठी साडेचार हजारांची जुनी रिंक अकरा हजारांच्या नव्या अरीनापेक्षा अवघड ठरते. एकूण गर्दी किती यापेक्षा तुमच्या रांगेपर्यंत पायऱ्या किती आणि त्यांना कठडा आहे का, हे विचारा. तिकीट खिडकीवर फोन केला तर सरळ सांगतात. व्हीलचेअरची जागा हवी असेल तर तीही फोनवरच मागा. जागा शिल्लक असेल तर शेजारी सोबतच्या तीन माणसांपर्यंत सीट मिळतात, पण अख्खं कुटुंब एका रांगेत बसेल याची खात्री नसते.

भिंतीवर लिहिलेली क्षमता आणि दुसऱ्या दिवशी छापून येणारी प्रेक्षकसंख्या यांची गल्लत करू नका. ११ डिसेंबर २०१० रोजी मिशिगनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मिशिगन आणि मिशिगन स्टेट यांचा उघड्यावरचा सामना झाला. जाहीर झालेला आकडा होता १,१३,४११. गिनीजने मान्य केला १,०४,१७३. दोन्ही आकडे एकाच संध्याकाळचे. क्षमता ठरते ती बाहेर पडायच्या वाटांच्या रुंदीवरून आणि जागेवरून, आणि तिच्यावर अग्निशमन अधिकाऱ्याची नजर असते. म्हणूनच जिन्याच्या पायरीवर क्षणभर टेकलात तरी अशर, म्हणजे जागा दाखवणारा कर्मचारी, येऊन उठवतो. त्याच्याशी वाद घालू नका. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा संहितेत दर २५० माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक लागतो. लायनासारख्या रिंकला असे अठरा जण. जाकीट घातलेला तो विद्यार्थी त्यांच्यापैकीच एक असू शकतो.

२०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर जे झालं ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. चेंगराचेंगरी मैदानात क्वचित होते. ती जिन्यावर, दारात, वळणावर होते. आणि माणूस घाबरला की ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो. म्हणून बसल्याबरोबर दुसरं दार कुठे आहे ते मुलांना बोटाने दाखवा. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता पक. ही टणक रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढंच, पण सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गार पक बर्फावर कमी उसळतो. चांगला फटका बसला की ती ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाते. २००२ साली कोलंबसला व्यावसायिक लीगच्या सामन्यात काठीला लागून उडालेला पक १३ वर्षांच्या मुलीच्या डोक्याला लागला आणि दोन दिवसांनी ती गेली. त्यानंतर त्या लीगने दोन्ही गोलांच्या मागे जाळ्या सक्तीच्या केल्या, आणि आता कॉलेजच्या रिंकमध्येही त्या दिसतात. त्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी सर्वात सुरक्षित जागा म्हणजे गोलच्या मागे, जाळीच्या आड. सुरुवातीला जाळी डोळ्यांसमोर येते म्हणून कुरकुर होते. दहा मिनिटांत ती दिसेनाशी होते.

धोका जास्त कुठे? बाजूच्या रांगांमध्ये, बर्फाभोवतीच्या काचेच्या कडेपेक्षा थोडं वर, जिथे जाळी संपते. खेळाडूंच्या बाकांपुढे तर काचच नसते, त्यामुळे त्यांच्या आसपास आणि समोरच्या बाजूलाही लक्ष हवं. सर्वात बेसावध वेळ मात्र सामन्याची नसून सरावाची. सामन्याआधी दोन्ही संघ बर्फावर उतरतात, डझनावारी पक एकाच वेळी फिरत असतात, आणि आपण तेव्हा नेमके पॉपकॉर्न वाटत, आजीचा फोटो काढत असतो. तेव्हा मुलांना बर्फाकडे तोंड करून बसवा. पक हवेत दिसला तर डोकं खाली, हात डोक्यावर. झेल घ्यायला जाऊ नका. काचेला चिकटून बसलात तर मूल काचेच्या कडेवर उभं करू नका. खेळाडू धडकला की काच आतबाहेर हलते, कधी फुटतेही.

खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही, ही हॉकीची जुनी शिस्त आहे. उशिरा आलात तर अशर जिन्याच्या तोंडाशीच थांबवतो आणि शिट्टी झाली की सोडतो. हा उद्धटपणा नव्हे. उभ्या माणसामुळे मागच्याला पक दिसत नाही. सामना तीन पिरियडचा असतो. बाथरूमला जायचं तर २० मिनिटांचा पिरियड संपायच्या दोन-तीन मिनिटं आधी, एखादी शिट्टी गाठून निघा. मध्यंतर १५ मिनिटांचं, आणि ते सुरू होताच सगळी रिंक एकाच बोळात उतरते.

विद्यार्थ्यांच्या विभागाशेजारची तिकिटं स्वस्त दिसली तरी आई-बाबांसाठी घेऊ नका. तिथे तिन्ही पिरियड सगळे उभे असतात, बँड कानाशी वाजतो, आणि काही घोषणा अशा असतात की आजोबांना अर्थ समजावून सांगताना पंचाईत होईल. योस्टमध्ये पाहुण्या खेळाडूला पेनल्टी लागली, म्हणजे चुकीबद्दल काही वेळ बाहेर बसावं लागलं, की शिव्यांची एक लांबलचक माळ ठरलेली आहे. गोल झाल्यावर गोलरक्षकाकडे बोटं दाखवून ‘सीव्ह, सीव्ह’ (चाळणी, चाळणी) ओरडणं मात्र निरुपद्रवी, पोरांनाही ते फार आवडतं. लायनात पाहुण्या संघाची नावं पुकारताना विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून वाचत बसतात, आणि हार्वर्ड आलं की बर्फावर मासे पडतात. मासे गमतीचे वाटतात, पण बर्फावरचा कचरा खेळाडूच्या स्केटखाली आला तर पडझड होते. पंच ताकीद देतात आणि त्यानंतर यजमान संघालाच पेनल्टी बसू शकते. काही संघ दानासाठी बर्फावर टेडी बेअर फेकायला सांगतात, तेही फेकायचे ते संघाने जाहीर केलेल्या दिवशीच.

घोषणा वंशाबद्दल, देशाबद्दल व्हायला लागल्या तर तो खेळाचा भाग नाही. तोंडाला तोंड देऊ नका. विभाग, रांग आणि सीट क्रमांक लक्षात ठेवून अशरला सांगा. पुष्कळ अरीनांमध्ये तक्रार एसएमएसने पाठवायचा नंबर पडद्यावर दाखवतात. आणि तुमचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरचा मुलगा स्वतः विद्यार्थी विभागात उभा राहणार असेल, तर २१ वर्षांखाली दारू, खोटं ओळखपत्र, बर्फावर उडी हे त्याच्यासाठी नुसते दंडाचे मामले नाहीत. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. हे सामन्याआधी एकदा स्पष्ट बोलून घ्या.

सोबत काय न्यायचं? बऱ्याच ठिकाणी १२ बाय ६ बाय १२ इंचांची पारदर्शक पिशवीच चालते, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. घरचे पराठे दारातच अडतील. मधुमेहाचं औषध, इन्सुलिन, साखर कमी झाली तर लागणारा खाऊ याला सहसा सवलत असते. आधी फोन करून विचारा, औषध मूळ डब्यात ठेवा. आत १० ते १५ अंश सेल्सिअस असतं आणि बाकं गार. आजीला शालीपेक्षा लोकरीचे मोजे आणि बसायला घडी केलेली चादर जास्त उपयोगी. लहानांच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घाला. गोलचा भोंगा दचकवतो. शेजारच्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थंडीला दोष न देता बाहेर मोकळ्या हवेत या आणि अशरला सांगा. इंधनावर चालणाऱ्या झांबोनीचा, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचा, धूर बंद रिंकमध्ये साठू शकतो. विजेवरच्या यंत्राला हा प्रश्न नसतो.

पक लागलाच, अगदी घासून गेला तरी, ‘काही नाही झालं’ म्हणून बसून राहू नका. अशर प्रथमोपचाराच्या माणसांना बोलावतो आणि घटनेची नोंद होते. ती नोंद विम्यासाठी लागते. तिकिटाच्या अटींमध्ये उडालेल्या पकची जोखीम प्रेक्षकाची, असं सहसा लिहिलेलं असतं. डोक्याला लागल्यावर पुढचे एक-दोन दिवस उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, नेहमीपेक्षा जास्त झोप यांवर लक्ष ठेवा आणि यातलं काही दिसलं तर लगेच इमर्जन्सी गाठा. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर लक्षणांची वाटच बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या आणि गोळीचं नाव दारातच सांगा. त्यासाठी औषधांची यादी आणि प्रवासी विम्याचं कार्ड त्यांच्याच खिशात असू द्या, तुमच्या पर्समध्ये नको. गर्दीत तुम्ही दोघं वेगळ्या दारांनी बाहेर पडला असाल.