हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असताना त्याच्या वर्णपटात अनेक रेषा कशा दिसतात?

आपल्या प्रश्नात खरे तर दोन शंका आहेत: हायड्रोजनचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींचाच का असतो (वर्णपटात, म्हणजे विलग करून पसरवलेल्या प्रकाशात, अशी प्रत्येक तरंगलांबी एक रेषा म्हणून दिसते), आणि इलेक्ट्रॉन एकच असताना रेषा अनेक कशा. पहिली नीट समजली, की दुसरी फारशी अवघड राहत नाही.

केंद्रकाच्या आकर्षणाने बांधलेल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही. त्याचे वर्तन तरंगासारखे असते आणि मर्यादित जागेत कोंडलेला तरंग काही निवडक रूपांतच स्थिर राहू शकतो; त्या प्रत्येक रूपाची ऊर्जा ठरलेली असते, तिला पातळी म्हणतात. हायड्रोजनसाठी हा हिशेब विलक्षण सोपा आहे. उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे एक छोटे एकक) या आकड्याला पातळीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागायचे. म्हणजे पहिली पातळी उणे १३.६, दुसरी उणे ३.४०, तिसरी उणे १.५१ आणि चौथी उणे ०.८५. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येतो तेव्हा या दोन ऊर्जांमधील फरक एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, रूपाने बाहेर पडतो. तिसरीवरून दुसरीवर येताना हा फरक १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरतो. १२४० ला (हा ऊर्जा आणि तरंगलांबी यांना जोडणारा स्थिर आकडा) या संख्येने भागले, की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: सुमारे ६५६, म्हणजे हायड्रोजनची प्रसिद्ध लाल रेषा. चौथीवरून दुसरीवर येताना याच रीतीने ४८६ नॅनोमीटरची निळसर हिरवी रेषा मिळते.

आता दुसरी शंका. एक अणू एका उडीत एकच फोटॉन देतो, हे खरे आहे. मात्र विसर्जन नळीत, म्हणजे वीज खेळवून ज्यातील वायू प्रकाशमान करतात त्या काचेच्या नळीत, अगणित अणू असतात; विजेच्या प्रवाहातील इलेक्ट्रॉनांच्या धडकांनी त्यांतील काही तिसऱ्या, काही चौथ्या, काही पाचव्या पातळीवर पोहोचतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने खाली येतो. केवळ चार पातळ्या धरल्या तरी सहा वेगवेगळ्या उड्या शक्य होतात. आपण पाहतो तो वर्णपट या सर्वांची बेरीज असतो, आणि ज्या उड्या अधिक वेळा घडतात त्यांच्या रेषा अधिक ठळक उमटतात. (नळीत अखंड राहिलेले हायड्रोजनचे रेणूही स्वतःच्या असंख्य क्षीण रेषा देतात, प्रयोगशाळेत त्यांमुळे गोंधळून जाऊ नये.)

पहिल्या पातळीवर संपणाऱ्या उड्यांत किमान १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात, त्यामुळे तो सगळा प्रकाश अतिनील असतो. तिसरीवर किंवा त्याहून वरच्या पातळीवर संपणाऱ्या उड्या अवरक्त प्रकाश देतात. डोळ्यांच्या वाट्याला येतात त्या दुसऱ्या पातळीवर संपणाऱ्या रेषा, मुख्यतः ६५६, ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटरच्या. स्विस गणितशिक्षक बाल्मर यांनी १८८५ मध्ये याच चार रेषांवरून सूत्र बसवले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. पातळ्यांच्या आधारे त्या सूत्राचा उलगडा डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ बोर यांनी १९१३ मध्ये केला.

वरचे आकडे केंद्रकाच्या वस्तुमानावरही किंचित अवलंबून असतात. जड हायड्रोजनची, म्हणजे अधिक जड केंद्रक असलेल्या ड्यूटेरियमची, लाल रेषा साध्या हायड्रोजनच्या रेषेपेक्षा सुमारे ०.१८ नॅनोमीटरने आखूड तरंगलांबीवर पडते, आणि हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्यूटेरियम ओळखले ते अशाच सरकलेल्या रेषांवरून.