वाचकांचे प्रश्न : बसगाड्या जोडीनंच का येतात?

प्रश्न : आमच्या थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस आहे, असं फलकावर लिहिलंय. प्रत्यक्षात वीस मिनिटं एकही फिरकत नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन गाड्या पाठोपाठ येतात. पहिली खच्चून भरलेली, दुसरी जवळजवळ रिकामी. कॉलेजला जाणारी मुलगी आता स्कूटी मागतेय. ड्रायव्हर हे मुद्दाम करतात का? गाड्या वाढवल्या तर प्रश्न सुटेल का?
– सु. ज.

उत्तर : ताई, ड्रायव्हर मुद्दाम करत नाहीत, हे आधी सांगते. शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे या जोड्यांशी माझा जुना परिचय आहे.

तुमच्या थांब्यावर जे दिसतं, ते चार थांबे मागे सुरू झालेलं असतं. एखादी गाडी सिग्नलला अडकते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमतात. ती एकाच दारातून चढणार. त्यात एखाद्या आजी आधी पिशवी वर ठेवणार, मग दांडा धरून एकेक पायरी चढणार. डबल बेल पडेपर्यंत आणखी अर्धं मिनिट गेलेलं असतं. उशीर वाढला की पुढची गर्दी वाढते, गर्दी वाढली की उशीर. मागच्या गाडीचं नेमकं उलट होतं. तिचे प्रवासी पुढचीनंच उचललेले असतात, त्यामुळे ती थांब्यांवर जेमतेम टेकते आणि पुढचीला गाठते.

तासाला सहा गाड्या सारख्या अंतरानं आल्या, तर केव्हाही थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा गाड्या जोडीजोडीनं आल्या तर दहा मिनिटं. गाड्या तेवढ्याच, पगार तेवढेच, इंधन तेवढंच. आणि थांब्यावर ताटकळलेलं मिनिट प्रवाशाला गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. म्हणून नुसत्या गाड्या वाढवून भागत नाही.

पहिला उपाय स्वस्त आहे. शेवटच्या स्टॉपवर प्रत्येक फेरीला चार-पाच मिनिटं मोकळी ठेवायची, म्हणजे उशिरा आलेली गाडीही परतीला वेळेवर सुटते. त्या मिनिटांसाठी मी खूप भांडले आहे, कारण वर बसलेल्यांना तेवढा वेळ गाडी फुकट उभी दिसते. दुसरा उपाय म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेळ कमी करणं. ब्राझीलमधल्या कुरितिबानं १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या आणि १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे बंदिस्त थांबे उभारले. तिकीट थांब्यात शिरतानाच काढायचं, फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, आणि अनेक दारांतून एकदम चढ-उतार. आजींना पायरीच चढावी लागत नाही. आपल्याकडे पुण्यानं २००६ मध्ये बीआरटीला, म्हणजे अशाच राखीव मार्गिकांच्या बससेवेला, हात घातला, पण पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका काढून टाकली गेली. बसमधली पन्नास माणसं आणि मोटारीतला एकटा माणूस यांना रस्ता सारखाच वाटून द्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता मुलीबद्दल. परतीची बस तिला किती वाजेपर्यंत मिळते, हे तिला विचारा. संध्याकाळी सातनंतर फेऱ्या विरळ झाल्या की मुली सकाळचीही बस सोडतात. स्कूटी घरी ठेवून गेलं तर क्लास सुटल्यावर यायचं कसं? प्रवासी नाहीत म्हणून रात्रीची फेरी बंद होते आणि तिच्यापायी सकाळचे प्रवासीही जातात. कागदावर हा तोटा कुठेच दिसत नाही.

आगार व्यवस्थापकांना पत्र लिहा, शेजारच्यांच्या सह्या घ्या. ‘गाड्या वाढवा’ असं लिहू नका. गाड्या नाहीत, हे उत्तर तयारच असतं. चार-सहा दिवस गाड्या आल्याच्या वेळा आणि गाडी क्रमांक टिपून सोबत जोडा. दोन गाड्यांमधलं अंतर कोण सांभाळतं, हे विचारा, आणि मुलीच्या परतीच्या वेळेची फेरी नाव घेऊन मागा.

प्रश्न : तिकीट स्वस्त केलं तर लोक आपोआप बसकडे वळतील ना?
– एक वाचक

उत्तर : काही जण नक्की वळतील. बेस्टनं जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपये केलं आणि प्रवासी लाखांनी वाढले. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झालं. जवळच्या अंतरासाठी शेअर रिक्षा की बस, असा हिशेब रोज करणाऱ्याला हे पाच रुपये जाणवतात, आणि स्वस्त तिकिटाची तूट पालिकेनं सोसावी असंच माझं मत आहे. पण बेस्टच्या स्वतःच्या गाड्या त्याच वर्षांत घटत गेल्या, हेही विसरू नका. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मी ते फेऱ्यांना देईन, आणि त्यातही आधी रात्रीच्या फेऱ्यांना.